अप्पा, तुमच्या दगडावरून केस चालू हाय

अप्पा, मी सांगतेय आणि माझी नात लिहितेय. तिला म्हटलं, माझं बोलणं धुऊन-पुसून लिहू नको, अप्पांना ओळख पटायची न्हाई. ती हसून म्हणाली, "आजी, त्यांना वाचता तरी येत होतं का?" न्हाईच. तुमी बी अंगठा, मी बी अंगठा. एका अंगठेबहाद्दराचं पत्र दुसऱ्या अंगठेबहाद्दराला, आणि मधी ही शिकलेली हमाल. लिही गं, हमाल बी लिही.

उद्या माजलगावच्या कोर्टात माझी साक्ष हाय. लई थकलेय अप्पा. तारीख पडते, आमी जातो, बाकड्यावर बसून बसून कंबर धरते, मग कुणीतरी पुढची तारीख सांगतं आणि आमी परत येतो. केस केलीय माझ्या भाच्यानं, तुमच्या लेकाच्या लेकानं. चोळीबांगडीला म्हणून तुमी मला माळाचा तुकडा दिला होता, तो आठवतो? दादा तेव्हा हसत होता, "तायडे, काट्याची चोळी आन दगडाची बांगडी." तुमी त्याच्याकडं नुसतं बघितलं आणि तो गप झाला. पण खरंच बोलला होता. इतकी वर्षं तिथं कुसळांशिवाय काही आलं न्हाई. मग ही नात पुण्याची नोकरी सोडून माझ्याकडं आली आणि तिनं त्या माळावर मोटारसायकली उडवायची वाट केली. मुरमाचे ढीग, खड्डे, वळणं, कडेला रंगवलेले टायर. रविवारी अंबाजोगाईहून, परळीहून पोरं येतात, डोक्याला ते जाड टोपडं घालतात, ढिगावरून हवेत जातात आणि धुळीत आपटतात. घरी आईनं पाणी आणायला सांगितलं तर यांचे गुडघे दुखत असतील. पण मला आवडायचं बघायला. माळाला पहिल्यांदा माणसं लागली होती.

त्या वाटेचं एक वळण तुमच्या समाधीच्या चौथऱ्याजवळून जातं. एका पोराची गाडी घसरली आणि चौथऱ्याचा कोपरा उडाला. नातीनं दुसऱ्याच दिवशी सिमेंट लावून दिलं, पण भाच्याचं डोकं फिरलं ते फिरलंच. "आत्या, माझ्या आज्याच्या उरावर गाड्या नाचवता व्हय?" म्हणाला आणि सरळ वकिलाकडं गेला. निकाल लागेपर्यंत वाट बंद ठेवा म्हणून कोर्टानं सांगितलंय. ढिगांवर आता गवत उगवायला लागलंय. निकाल उलटा गेला तर नात पुण्याला परत जाणार, आणि मी शेळ्यांशी बोलत बसणार.

आता सांगते ते हिलाबी ठाऊक न्हाई. लिही गं, थांबू नको. अप्पा, तुमी त्या दगडाखाली न्हाईत.

तुमाला समाधी दिली ती खाली, विहिरीच्या अंगाला, काळ्या रानात. मीच बेलाची पानं पुढं करत होते, दादा खड्ड्यात उतरला होता. वर ओळखीला दगड ठेवला. पुढं दादानं ट्रॅक्टर घेतला. मी न्याहारी घेऊन आलेय, दादा ट्रॅक्टरवरून उतरून दगडाकडं बघत उभा हाय. दर फेरीला वळसा घालावा लागतो आणि तेवढं रान पडीक पडतं. मला म्हणतो, "तायडे, अप्पा असते तर काय म्हणाले असते?" मला तुमचंच आठवतं. बांधाच्या कोपऱ्यात हातभर जागा नांगरायची राहिली म्हणून तुमी त्याला भरल्या ताटावरून उठवलं होतं. "आधी कोपरा, मग भाकर." मी म्हणते, "म्हणाले असते, माझ्याकडं काय बघतोस, नांगर." आमी दोघं बी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसतो. त्यानं पहार घातली, दगड ट्रॉलीत टाकला आणि वर माझ्या माळाच्या कडेला आणून उभा केला. पाया पडायला जागा झाली म्हणाला. भाचा तेव्हा पाळण्यात होता. तो कळता व्हायच्या आधीच दादा गेला. पोराला दिसला तो दगड तिथंच दिसला. मोठा झाल्यावर त्यानं चौथरा बांधला, दर सोमवारी दिवा लावतो. आणि खाली तुमच्यावरून सालोसाल नांगर फिरवतो. चांगला खोल.

नातीचा हात थांबलाय. "आजी, हे आधी का नाही सांगितलंस? कोर्टात एवढं बोललीस की केस संपली!"

"संपली की. मग?"

"मग काय? ट्रॅक चालू!"

हिला ट्रॅक दिसतो. मला भरल्या कोर्टात मान खाली घातलेला भाचा दिसतो. याच्या बापानं समाधीचा दगड उपटला, हे सांगायचं कुणी, तर बापाच्या बहिणीनं. उत्तर द्यायला दादा न्हाई, आणि आमी कसे हसलो होतो ते वकिलाला कसं समजवायचं? अप्पा, तारखेच्या दिवशी सकाळी मी शीव ओलांडून माहेरच्या दारात जाते. वादी आणि प्रतिवादी, आमी एकाच जीपमधून कोर्टात जातो, त्याच्याच. "आत्या, पुढं बसा, मागं हाडं खिळखिळी होतील," म्हणतो. एरवी राग धरून माझ्याशी बोलत न्हाई, पण दार स्वतः लावतो, पदर अडकला न्हाई ना बघतो. एवढंच माहेर उरलंय मला.

तरी ठरवलंय. जीप दिंद्रुडच्या पुढं निघाली की त्याला सांगणार, कोर्टाच्या आधी, एकट्याला. ऐकून केस मागं घेईल, न्हाईतर बापाला बदनाम करते म्हणून चवताळेल. चवताळला तर साक्षीत बी तेच सांगेन. या पोरीला माझ्या गप बसण्यापायी जाऊ देणार न्हाई.

नात म्हणते, पत्र समाधीवर ठेवू. तिथं तुमी न्हाईत. खाली रानात पुरलं तर नांगराला वर येईल आणि भाचाच वाचेल. राहू दे माझ्या गाठोड्यात.

एवढं मात्र कबूल करते. उद्या जीपमधी बसायच्या आधी माहेरी भाचसुनेच्या हातचा चहा मी पिऊन घेणार हाय, परत मिळेल न मिळेल. कप रिकामा झाला की दुसरा मागून घेईन.