बाहेर घोडे धरून

प्रिय आई,

हे पत्र मी कधीचं टाळतोय, ते आधीच कबूल करून टाकतो. ‘प्रिय आई’ एवढंच लिहिलेला कागद माझ्या खोलीच्या खिडकीत बरेच दिवस पडून होता. त्यावर आधी चहाच्या कपाचं वर्तुळ उमटलं, मग कुणीतरी मागच्या बाजूला निळ्या रंगाचे नमुने ओढून बघितले, आणि शेवटी खिडकी वाऱ्याने खडखडायला लागली तेव्हा मीच त्याची घडी करून फटीत खोचली. हा दुसरा कागद. तू म्हणशील, दर शनिवारी फोन करतोस तेव्हा काय तोंडात मिठाची गुळणी असते? पण फोनवर तुझ्याशी मुद्द्याचं बोलणं मला कधी जमलेलं नाही. मी तोंड उघडलं की तू विचारतेस, जेवलास का. जेवलो म्हटलं की विचारतेस, काय. कागदाला मध्येच काही विचारता येत नाही, हा त्याचा मोठा गुण.

नमनाला घडाभर तेल झालं. तर मुद्दा तुझ्या वाचनालयातल्या बाईंचा. त्यांनी तुला शनिवारच्या खेळाला बोलावलंय, टेबलाशी एक खुर्ची रिकामी आहे, आणि तू त्यांना ‘बघते’ म्हणालीस. तुझं ‘बघते’ मला चांगलं माहीत आहे. पोहायला शिकायचं ‘बघते’ होतं, समुद्राच्या सहलीचं ‘बघते’ होतं, चष्म्याचा नंबर तपासायचंही ‘बघते’च चालू आहे, आणि त्यात तर खरंच बघायचं होतं. पण या वेळी असं आहे की येत्या शनिवारी त्यांची नवी गोष्ट सुरू होतेय. गोष्ट एकदा चालू पडली की मध्येच नवं माणूस घेणं अवघड जातं, हे मी अनुभवाने सांगतो. या शनिवारी तू गेली नाहीस तर ती खुर्ची दुसऱ्या कुणाला जाईल, आणि मग तू वर्षभर म्हणत राहशील की जाऊ दे, मला कुठे जमलं असतं. म्हणून हे उंटावरून शेळ्या हाकणं.

हा खेळ पत्त्यांसारखा नाही, सापशिडीसारखा तर नाहीच. टेबलाभोवती चारपाच जण बसतात. त्यातलं एक जण सूत्रधार. सूत्रधार सांगतो, तुम्ही एका जुन्या पुलापाशी आलात, पूल मध्येच तुटलाय, पलीकडे दिवा हलताना दिसतोय. मग तुझ्याकडे बघून विचारतो, तू काय करतेस? तू म्हणजे तू नव्हे, तू आधी ठरवलेलं पात्र. उडी मारते म्हण, दोर शोधते म्हण, हाक मारते म्हण, सगळं चालतं. ते जमलं की फसलं हे कधीकधी फासा ठरवतो. फासा वीस बाजूंचा असतो आणि हमखास टेबलाखाली जातो. फाशाच्या आकड्यांच्या बेरजांची तुला धास्ती वाटते म्हणालीस, तर बेरजा शेजारच्याला करू दे. आमच्या यार्डातल्या खेळात माझ्या बेरजा अजूनही तिथला वेल्डर करतो. कपडे रोजचेच. काही करून न्यायची गरज नाही, आणि तरी तू नेणारच आहेस, त्यामुळे त्यावर मी शाई खर्च करत नाही.

आमचं टेबल म्हणजे यार्डातल्या कॅन्टीनचं कोपऱ्यातलं टेबल. शनिवारी बोटींची कामं दुपारीच बंद होतात, मग रंगाचे हात रॉकेलने पुसून आम्ही बसतो. वेल्डर, रंगांच्या गोदामावरच्या ताई, मी, आणि सूत्रधार म्हणून माझ्या खोलीच्या वरच्या मजल्यावर राहणारी एक मुलगी. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. सकाळभर लोकांना ‘आ करा’ सांगून येते, त्यामुळे तिच्या गोष्टीतल्या प्रत्येक राक्षसाची एक तरी दाढ किडलेली असते, आणि आम्हीही आता कुठलाही राक्षस आला की आधी त्याच्या तोंडात डोकावतो. रॉकेलवरून आठवलं, तू पाठवलेले हातमोजे वेल्डरने पळवले. मला माहीत आहे तू माझ्यासाठी शिवले होतेस. पण त्याला एवढे चपखल बसले की काढून घेववेना.

आता माझी फजिती ऐक. पहिल्याच दिवशी आम्ही सगळे एका तळघरात अडकलो. सूत्रधाराने मला एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं की कोपऱ्यातल्या पिंपाखाली तुला किल्ली सापडलीय. मला वाटलं, वा, हुकमाचं पान हातात आलं. मी लहानपणापासून पान छातीशी धरून खेळलेला माणूस. किल्ली माझ्या पात्राच्या बुटात लपवली आणि हूं की चूं केलं नाही. बाकीचे बिचारे भिंती खरवडत बसले, वेल्डरच्या पात्राने दाराला धडका देऊन खांदा निखळवून घेतला, तळघरात पाणी भरायला लागलं, आणि मी मनात खूश, की आता हे सगळे हरले की मी जिंकलो. शेवटी सूत्रधाराने शांतपणे विचारलं, “अरे, पाणी तुझ्याही गळ्याशी आलंय. तू नक्की कुणाविरुद्ध खेळतोयस?” मी इतका गडबडलो की किल्ली काढायला म्हणून खरोखरचा, पायातला बूट काढला. गोदामवाल्या ताई हसता हसता खुर्चीवरून घसरल्या. तर लक्षात ठेव, इथे आपल्यातलं कुणी जिंकत नाही आणि कुणी हरत नाही. जे सापडलं ते मोठ्याने बोलायचं. हे तुला माझ्याहून जड जाईल. तुझी पाठ दुखते हे आम्हाला तुझ्या तोंडून कधी कळलेलं नाही, खुर्चीवर दुसरी उशी आली की कळतं.

आणि फासा उलटा पडला तर मनाला लावून घेऊ नकोस. आपल्या शिलाईच्या दुकानात एखादी शिवण उसवावी लागली की तू दिवसभर गप्प असतेस, म्हणून मुद्दाम सांगतो. इथे फसणं हीच अर्धी मजा. मागे ताईंनी राजाची मनधरणी करायला म्हणून फासा टाकला आणि तो असा काही पडला की राजाने त्यांना आपल्या बदकांची देखभाल करायला ठेवून घेतलं. आम्ही त्यांना सोडवायला निघालो आणि दुसऱ्या राज्यात जाऊन पोचलो. ती बदकं अजून आमच्याबरोबर आहेत. काही सुचलंच नाही तर नुसता प्रश्न विचार. दिवा कुणाच्या हातात आहे? तो माणूस थकलेला दिसतो का? सूत्रधाराला असे प्रश्न फार आवडतात, आणि तेवढ्यात तुला काहीतरी सुचतंच.

मला काही रचता येत नाही, असं तू म्हणालीस. अगं, हे तू कुणाला सांगतेस? तुझ्या मशीनखाली चिंध्यांच्या ढिगात बसून मी मोठा झालो. कुणी पँट कमी करायला टाकून गेलं की तू तिचे खिसे उलटे करायचीस आणि त्या माणसाची अख्खी कहाणी मला सांगायचीस. एकदा एक पँट आली, तिचा उजवाच गुडघा झिजलेला. तू म्हणालीस, हा माणूस एका गुडघ्यावर बसून कुणाला तरी विनवतोय, आणि ती काही ऐकत नाहीये. इस्त्रीच्या टेबलावरून बाबा म्हणाले की अगं, फरशा बसवतो तो. तू वर न बघता म्हणालीस, बसवू दे की, पण विनवतोही. मग आठवडाभर तू मला त्या दोघांची गोष्ट सांगितलीस, तिचा आवाज वेगळा, त्याचा वेगळा, आणि तो माणूस पँट न्यायला आला तेव्हा मी त्याला विचारलं की ती हो म्हणाली का. तो लाल झाला होता, आठवतं? बाबा गेल्यापासून मशीन तेवढं बोलतं. सुटीला आलो होतो तेव्हा तुझ्या टेबलावर पँटींची चळत होती आणि तू एकीबद्दलही काही बोलली नाहीस. मी वाट बघत होतो.

पात्र निवडताना फार थोर कुणी निवडू नकोस. राणी, जादूगारीण वगैरे झालीस तर पहिल्या दिवशी अवघडून जाशील. वाटेवर कपडे दुरुस्त करत फिरणारी बाई हो ना. तिला सगळ्या गावात प्रवेश असतो आणि सगळ्यांचे खिसे तिने उलटे केलेले असतात. मी धनुर्धर झालो, कारण मला दूर उभं राहायला आवडतं. ते तुला नव्याने सांगायला नको.

दर टेबलाच्या आपापल्या रीती असतात, त्या गेल्या गेल्या विचारून घे. आमच्याकडची एक सांगतो. कुणी मध्येच उठून गेलं तर त्याचं पात्र बाहेर घोडे धरून उभं राहतं. घोड्यांना गुहेत नेता येत नाही आणि मोकळे सोडले तर लांडगे फाडतात, म्हणून कुणीतरी लागतंच. गेलेल्याला काही इजा होत नाही, गोष्टही अडत नाही. सोय छान आहे, फक्त मी दर शनिवारी नेमका गुहेच्या तोंडाशी उठतो. माझ्या धनुर्धराने आजवर एकही गुहा आतून बघितलेली नाही. मी परत येतो तेव्हा सगळे जखमी, दमलेले, खजिना वाटून झालेला, आणि वेल्डर तोंड वर करून विचारतो, घोडे कसे आहेत? आता यार्डभर माझं नाव घोडेवाला पडलंय. फाटकावरचा वॉचमनसुद्धा त्याच नावाने हाक मारतो. त्याला तर खेळ म्हणजे काय तेही माहीत नाही, त्याला वाटतं मी पूर्वी तबेल्यात होतो.

मी का उठतो ते तुला कळलं असेलच. चार वाजतात. तुझा मोबाइल पिशवीच्या तळाशी बंद पडलेला असतो, म्हणून घरच्या फोनवर, बरोबर चारला. मागे एका शनिवारी तू सगळ्या सबबी सांगून झाल्यावर, फोन ठेवता ठेवता हळूच म्हणालीस, “आणि शनिवारी चारला मी घराबाहेर कशी पडणार रे?” मी हो हो म्हटलं, टेबलाशी आलो, वेल्डरने घोड्यांची चौकशी केली आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. वाचनालयातला खेळही चारलाच सुरू होतो. बाबा गेल्यावर हा फोन मी सुरू केला तो तू एकटी पडू नयेस म्हणून, आणि आता त्याच फोनपायी तू दुकान आवरून, दार लावून एकटी बसतेस. इकडे मी गुहेबाहेर. आणि बोलतो काय आपण? हवा बरी आहे. जेवलास का. आई, आपण दोघंही एकमेकांसाठी बाहेर घोडे धरून उभे आहोत. तर ताकाला जाऊन इतका वेळ भांडं लपवलं ते आता काढतो. येत्या शनिवारी चारला मी फोन करणार नाही, हे सांगायला हे पत्र लिहिलंय. फोन वाजला तर तो माझा नसेल, तेव्हा तू घरात नसलीस तरी चालेल. वेल्डरसारखं मी करणार नाही. तो शनिवारी मोबाइल हत्यारांच्या पेटीत टाकून कुलूप लावतो, त्याच्या आईचा फोन आला की पेटीतले पाने खडखडतात आणि आम्ही सगळे इकडे तिकडे बघतो. मी रविवारी सकाळी करीन, न चुकता. इथेच आहे मी, नेहमीसारखा पुढच्या गावाचा विचार सध्या तरी मनात नाही, खोलीला पडदासुद्धा लावलाय. रविवारी मी जेवलो की नाही ते विचारू नकोस. मी विचारीन, मग पुढे काय झालं? आणि तू सांग, सगळ्यांच्या आवाजात.

तुझाच,
भोवरा

ता. क. आज चहाच्या सुटीत कॅन्टीनमध्ये बसून पाकीट बंद करणार एवढ्यात दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. हातात मोठी पिशवी, पायांत घरातल्या चपला, बसचं तिकीट अजून मुठीत. वेल्डरची आई. शनिवारी पोरगा खेळापायी फोन उचलत नाही म्हणून बघायला आल्यात की असं काय आहे इथे. वेल्डर हातातली प्लेट घेऊन उभाच्या उभा राहिलाय, हातमोजे घालून. बाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग टेबलाकडे, आणि म्हणाल्या, “तुझं नंतर बघते. आधी मला सांगा, हे खेळतात कसं?” आणि खुर्ची ओढून बसल्यासुद्धा.