चोळायचं नाही

ऑर्विल,

काल तुझी शवपेटी खांद्यावर घेताना मला तो रविवारचा बेसबॉलचा सामना आठवत होता.

लग्न करून तू शेजारच्या गावात राहायला गेलास आणि त्यांच्या संघात चेंडू फेकणारा पिचर झालास. त्या दिवशी आमच्या पिचरने तुमच्या एका फलंदाजाच्या अंगावर मुद्दाम चेंडू मारला. नियमांच्या कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसलं, तरी पुढे काय होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. आता परतफेड म्हणून तुझा चेंडू आमच्या पुढच्या फलंदाजाला लागणार. पुढचा मी होतो.

आई बाकावरून ओरडली, “ऑर्विल, खबरदार! माझं पोरगं आहे ते!”

“मग मी कुणाचा गं?” तू तिथूनच विचारलंस, आणि दोन्ही गावं खो-खो हसली.

चेंडू आला तो डोक्याच्या आसपासही नाही, बरोबर मांडीच्या मांसल भागावर. इतका जपून सख्खा भाऊच मारतो. लागलेल्या जागी चोळायचं नाही, दुखलं हे दाखवायचं नाही, हे तूच मला कोठारामागे शिकवलं होतंस. चेंडू लागलेल्याला पहिला बेस फुकट मिळतो, तिकडे मी ओठ घट्ट मिटून चालत गेलो. संध्याकाळी आईने रागाने तुला केक दिला नाही, तर तू माझ्याच ताटलीतला खाल्लास. वर म्हणालास, “मेहनत माझी होती!”

काल चर्चमध्ये जो तो म्हणत होता, “एल्डन, कसा खंबीर उभा राहिलास!” राहणारच. तुझ्यासमोर चोळायची माझी काय बिशाद?

आता स्वयंपाकघरात मी एकटाच आहे. फार लागलं रे, ऑर्विल.

तुझा धाकटा,
एल्डन