आरसा परावर्तक आहे की नाही

रवि. ९ नोव्हें. २०२५, स. ५ वा. ४० मि.
वेळ मुद्दाम लिहून ठेवते. उमरखेड बसस्टँडसमोर, सायकलींच्या रांगेतून मला बाजूला काढलं. काढणारा सायकल मंडळाचा सेक्रेटरी विनोद, आठवीत माझाच विद्यार्थी होता. "बाई, परावर्तक जाकीट नाही तं जाता येनार नाही. तुम्ही टाळ्या वाजवाले थांबा ना." टाळ्या! सगळे पैनगंगेच्या पुलाकडे निघून गेले. पुलावर सूर्य उगवताना मी सायकलवर असावं, एवढंच मागते आहे. रिटायर झाल्यावर सायकल शिकले ती काय टाळ्यांसाठी? पुढची फेरी ३० ला.

मंगळ. ११
मोबाइलवर जाकिटं पाहिली. पेन्शनीत बसतं ते अंगात बसत नाही. सायकलवर घालायची गादीवाली पँट त्याहून महाग. शेवटी जुनी सलवार सलीमभाई शिंप्याकडे नेली, आतून सोफ्याचा स्पंज शिवा म्हटलं. जाडी बोटांनी दाखवली. "मॅडम, येवढी गादी लावली तं पाय पैडलले पोचनार नाही." दोन बोटांवर तडजोड. लहानपणी कॉन्व्हेंटमध्ये प्रार्थनेला गुडघे टेकायचो, त्या बाकांवर ही गादी असती, तर देवाशी माझं जास्त जमलं असतं.

शनि. १५
बंजारा तांड्यावर, भरतकाम करणाऱ्या शेवंताबाईकडे. माझं जुनं निळं जाकीट, त्यावर टाचायला तिच्या पेटीतली उरलेली भिंगं, म्हणजे घागऱ्यावरचे ते छोटे आरसे. "लगन कोनाचं हाय, बाई?" म्हटलं, लग्न नाही, ट्रकवाल्यांनी माझ्याकडे बघावं म्हणून. हसता हसता तिची सुई पडली. मग दोघी अंगणात ती चाचपत बसलो.

मंगळ. १८
पहाटे एकटीच, फुलसावंगीच्या रस्त्याने. धुकं. समोरून ट्रक आला आणि छातीवरची भिंगं पेटली. बाभळींवर, फुटलेल्या कापसावर उजेडाचे ठिपके धावू लागले. मी पेडल मारलं की हलायचे, थांबले की थांबायचे. ट्रकवाल्याने लाइट खाली केला, अगदी हळू गेला. मग पुन्हा अंधार, आणि मी त्यात बुडाले की तरंगले... किती लांब गेले, पाहायचंच राहिलं.

शुक्र. २१
विनोदला जाकीट दाखवलं. "बाई, हे तं आरसे झाले. रेडियम पाहिजे." चमकणारी प्रत्येक पट्टी आमच्याकडे रेडियम! खरं रेडियम अंगावर घातलं तर दवाखान्यात जाशील, म्हटलं. नियमात शब्द 'परावर्तक' आहे, आणि परावर्तनाचा धडा याला मीच शिकवला. तेव्हाही खिडकीबाहेर बघायचा. जाकीट परत देताना एक भिंग उन्हात तिरपं झालं. भिंतीवर ठिपका नाचला. तो बघतच राहिला. मग म्हणाला, कमिटीले विचारतो.

शनि. २२
विचारतो म्हणजे विसरतो. पत्र हातात दिलं, पोच घेतली. नक्कल:

"सेक्रेटरी, सायकल मंडळ. आरसा परावर्तक आहे की नाही, एवढंच 'हो' किंवा 'नाही' असं सहीनिशी लेखी कळवावं. 'नाही' असल्यास आठवीच्या पुस्तकातला आधार द्यावा. मुदत गुरु. २७, सायं. ५ वाजेपर्यंत. तोंडी उत्तर चालणार नाही."