एक्क्याण्णव टक्के मामा

कुंभकोणम, गुरुवार

तीर्थरूप व्यंकोबामामांस, भाची शरण्याचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सगळे ठीक आहेत, म्हणजे मी सोडून. तुमचा गुडघा कसा आहे? सत्काराच्या वेळी बराच वेळ उभं राहावं लागलं असेल, म्हणून विचारते.

आमच्या विद्यापीठात सध्या प्रामाणिकपणाची लाट आली आहे. गेल्या सोमवारी वैद्यनाथ सरांनी फळ्यावर 'मी दुसऱ्याचं काहीही उतरवणार नाही' अशी शपथ लिहिली आणि आम्ही साठ जणांनी ती शब्दशः उतरवून घेतली. (नियमांची पुस्तिकाही वाटली. तिच्या सातव्या पानावर दुसऱ्याच विद्यापीठाचं नाव राहून गेलं आहे, पण इतकं बारकाईनं कोण बघतं?) मग सगळ्यांचे प्रबंध उचलेगिरी पकडणाऱ्या यंत्रात घातले. कुंभकोणमच्या मराठी घरांतल्या भजनांवरचा माझा प्रबंध एक्क्याण्णव टक्के चोरीचा निघाला. मूळ लेखक कोण, तर चेन्नईच्या आपल्या समाजाच्या स्मरणिकेतल्या लेखाशेजारी सत्काराची शाल पांघरून फोटोत बसलेले निवृत्त हेडमास्तर श्री. व्यंकोबाराव.

आठवतं ना, मामा? दिवाळीत 'नुसतं वाचायला' म्हणून तुम्ही माझा प्रबंध नेलात. वर्षभर गोविंदपुरमला म्हाताऱ्या बायकांशेजारी बसून मी एकेक भजन टिपलं होतं. तुम्ही ते इतकं मनापासून वाचलंत की ते तुमचंच झालं. (उरलेले नऊ टक्के म्हणजे आईचे आभार. ते मात्र तुम्ही गाळलेत, सख्खी बहीण असून.) आईला सांगितलं तर ती म्हणते, "मोठ्यांचं नाव घाटलं तर काय जालं गे? घरचंच की." खरंच आहे. आपल्याकडे लग्नपत्रिकेपासून देवळाला दिलेल्या ट्यूबलाइटपर्यंत थोरल्याचंच नाव असतं. यंत्राला ही रीत कुणी शिकवली नाही. सरांना खरं सांगितलं तर ते म्हणाले, हेडमास्तर माणूस भाचीचं कशाला उचलेल? मला तुमचा फार राग आला आहे, मामा. येत्या सोमवारी समितीपुढे उभं राहायचं आहे, आणि माझं म्हणणं पटलं नाही तर पदवी हातची जाईल.

तुमची भाची,
शरण्या

ता. क. लेख माझा आहे, एवढं तुमच्या सहीनिशी लिहून सोमवारच्या आत पाठवा. शाल तुम्हीच ठेवा.

आणखी एक ता. क. काय लिहावं हे तुम्हाला सुचणार नाही, म्हणून मसुदा सोबत जोडला आहे. तो जसाच्या तसा उतरवून काढा. या कामात तुमचा हात कुणी धरणार नाही.