मशीनचं पाणी

पियुष,

मी दुपारच्या बसनं दिग्रसला मावशीकडे जातोय, तुझ्या आईजवळ. वरण-भात ओट्यावर झाकून ठेवलाय. वरणातले दाणे मोजता येतील, कारण डाळ आपल्या बोअरच्या जड पाण्यातच लावली. सात शिट्ट्या झाल्या. आठवीला शेजारचे चौकशी करून गेले.

वॉशिंग मशीनची तब्येत उत्तम आहे. तिचं पाणी मऊ करायला तू लावलेल्या फिल्टरमध्ये मी मीठ भरलंय. गिझरची कॉइल मात्र क्षारानं पुन्हा पांढरी पडली. तिच्यासाठी तू हळहळशीलच.

गेल्या रविवारी आईनं त्या फिल्टरचं पाणी डाळ शिजवायच्या गंजात भरून घेतलं. तू म्हणालास, "आई, ते मशीनसाठी आहे. त्याले हात नको लावत जाऊ." ती "बरं बापा" म्हणाली आणि गंज मोरीत रिकामा केला. मी तिथंच पेपर वाचत बसलो होतो. जन्मभर पेपरात सदर लिहून लोकांना टोमणे मारले, पण त्या दिवशी मला एकही सुचला नाही. त्यात माझाही वाटा आहे, तो मी नाकारत नाही.

सोमवारी तू ड्युटीवर गेल्यावर तिनं पिशवी भरली. चार दिवस राहून येते म्हणाली. मावशीच्या विहिरीच्या पाण्यात डाळ तीन शिट्ट्यांत शिजते, असं कळलं.

आज सकाळी तिचा फोन आला. येताना थंडीची गोधडी आणा, म्हणाली. आता एप्रिल सुरू आहे.

मी माझीही घेतली.

बाबा