मिगवरचा वर्ख

कोल्हापूर,
दि. १० नोव्हेंबर १९७८

ती. आक्कास,
नृसिंहाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तू पुण्याला सुखरूप पोचल्याचं कळलं. तुझ्या श्रीधरने विलायतेहून आणलेल्या प्लॅस्टिकच्या मिग विमानाला दिवाळीचे चार दिवस तू नाकं मुरडलीस, तरी आता ते पुरं झालंय, त्याची सबंध हकिकत कळवतो.

किट बनवणाऱ्या साहेबाने मिग बहुधा स्वप्नात पाहिलं असावं. पत्र्यांचे सांधे गोधडीच्या टाक्यांसारखे वर आलेले! मी ते सगळे घासून काढले आणि सुईने नव्याने कोरले. वैमानिकाची खुर्ची तर न्हाव्याच्या दुकानातली. ती फेकून दिली, नवी केली, तिला पट्टे लावले. नाकापुढच्या नळीच्या जागी इंजेक्शनची सुई बसवली. काचेचा घुमट टूथपेस्टने घासून लख्ख केला. चंदेरी रंग मात्र ट्रंकेला द्यायच्या लायकीचा निघाला, म्हणून गुजरीतल्या सराफाकडून चांदीचा वर्ख आणला आणि दीड फुटाच्या सबंध विमानावर चढवला. विमला होती मदतीला, म्हणजे ब्रश धुवायला. गल्लीतले हंबीरराव येऊन बघून गेले. त्यांचं एकच, ह्ये उडतंय का न्हाय? अशा गावात मी चित्रकला शिकवतो.

तू सुचवलेले इचलकरंजीचे खासनीस १९ तारखेला विमलाला बघायला येत आहेत. मुलगा बँकेत आहे म्हणतात. बघू काय ध्यान आहे ते.

यजमानांस नमस्कार. माझ्यावरचा राग विसरून लोभ ठेव.

तुझा,
नृसिंह


पुणे,
दि. १४ नोव्हेंबर १९७८

चि. नृसिंहास अनेक आशीर्वाद.

पन्नाशीला आलेला माणूस खेळण्याच्या नळीचं कौतुक पानभर लिहील तर मीही वाचते, पण शेवटी मुलीच्या लग्नाला जेमतेम दोन ओळी? वहिनी असती तर तुझं ते विमान एव्हाना बंबात गेलं असतं.

नीट ऐक. बैठकीच्या खोलीतला खळीचा डबा, पॉलिशपेपर, बाटल्या सगळं उचल. विमलाचं क्रोशाचं काम आणि भरतकामाची चादर समोर मांड, तशी पद्धत आहे. ते विमान कपाटावर ठेव, तोंड भिंतीकडे करून. तुझंही तोंड शक्य तितकं बंद ठेव. विमलाला चोविसावं सरतंय आणि हे घर चांगलं आहे. मुलगा तिला पसंत पडेल असं माझं मन सांगतं. पोरीचं सुख तुझ्या हातात आहे, हे पोहे होईपर्यंत तरी लक्षात असू दे.

विमलाला माझा पापा. तुला काय द्यावं ते १९ तारखेनंतर ठरवीन.

आक्का


कोल्हापूर,
दि. २० नोव्हेंबर १९७८

ती. आक्कास शि. सा. नमस्कार.

कार्यक्रम यथासांग पार पडला. चादर मांडली होती. विमानही मांडलं होतं, कारण दिवाणखान्यात बघण्यासारखं दुसरं काय आहे?

खासनीसबाई आल्या त्या थेट विमानाशी गेल्या. चादरीशेजारी असल्यामुळे त्यांना ते विमलाचंच हस्तकौशल्य वाटलं. मुलीच्या बोटांत जादू आहे, असं काम आम्ही कुणाकडे पाहिलं नाही, असं त्या म्हणायला लागल्या. मुलगा वाकून वाकून बघत होता. आता काय म्हणावं! शेपटीकडच्या भागाला तीनदा घासून आकार मी दिला, आणि श्रेय पोह्यांच्या बशा फिरवणारीला? मी स्पष्ट सांगितलं की हिने याला हातही लावलेला नाही. हिच्या धसमुसळ्या हातांत दिलं असतं तर पंख शिल्लक राहिले नसते. गैरसमज वेळीच दूर केलेला बरा. त्यानंतर मंडळी फार थांबली नाहीत, बहुधा एसटी गाठायची असावी.

मुलगा ठीक. फारसा बोलत नाही.

तुझा,
नृसिंह


पुणे,
दि. २७ नोव्हेंबर १९७८

नृसिंह,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही. खासनीसांचा नकार माझ्याकडे आला. मुलीच्या हाताला वळण नाही असं खुद्द वडीलच सांगतात, मग आम्ही काय समजायचं, असं त्यांनी लिहिलंय. बरोबरच आहे त्यांचं.

दिवाळीत मी डोळे मिटून बसले नव्हते. वर्खाला हात लावलास की तो तुझ्या बोटांना चिकटून चिंध्या होत होता आणि तू वर्खवाल्याच्या सात पिढ्या काढत होतास. पंखा बंद करून, श्वास धरून, एकेक पान त्या विमानावर निजवलं ते विमलाने. खुर्चीचे पट्टेही तिनेच कातरले. एका बाईने केलेल्या कौतुकाचा वाटा पोटच्या पोरीला देववला नाही तुला! इतका कोता माणूस आपल्या घरात दुसरा झाला नाही.

आता इचलकरंजीला जा आणि खरं काय ते त्या माउलीला सांग. नाही गेलास तर विमलाला मी इकडे घेऊन येईन, आणि तू बस विमानाला जेवू घालत.

आक्का


कोल्हापूर,
दि. ४ डिसेंबर १९७८

ती. आक्कास शि. सा. नमस्कार.

गेलो होतो. मांडीवर विमान घेऊन एसटीत बसलो होतो. शेजारच्या पावण्यांनी विचारलं, पोराला घेतलंय व्हय? इचलकरंजीत सगळीकडे मागांचा खडखडाट, माणसं बोलतात की भांडतात ते कळत नाही.

वर्खाचं काम विमलाचं आहे, असं मी खासनीसबाईंना सांगितलं. बाकीचं माझं आहे, हेही सांगितलं, कारण ते खरं आहे. बाई एकदम विरघळल्या. त्यांचा होकार आहे, माघात मुहूर्त धरू म्हणाल्या. म्हणजे शेवटी लग्न जमवलं ते माझ्या विमानानेच. तुझ्या चादरीकडे कुणी बघितलंसुद्धा नव्हतं.

आता तरी आशीर्वाद लिहायला हरकत नसावी.

तुझा,
नृसिंह


कोल्हापूर,
दि. ६ डिसेंबर १९७८

ती. आत्यास,
विमलाचा साष्टांग नमस्कार.

बाबांचं पत्र तुला मिळालं असेल. ते गल्लीभर पेढे वाटून आले. मला त्यांनी अजून काही विचारलेलं नाही.

बाबांचा राग आता येत नाही. ते तसेच आहेत, चहा चांगला झाला तरी तो त्यांनी आणलेल्या भुकटीमुळे. पण आत्या, त्या दिवशीचं एक तुला कुणी सांगितलं नाही. बशी देताना खासनीसांच्या मुलाने माझ्या बोटांकडे पाहिलं. आदल्या दिवशी पंखाच्या कडेला वर्ख निघाला होता, तो मी पुन्हा बसवला होता आणि माझ्या नखांत चांदी राहिली होती. त्याने ती पाहिली, विमानाकडे पाहिलं आणि माझ्याकडे बघून हसला. मला तो तेव्हा फार आवडला. लगेच बाबा बोलले, हिने हातही लावलेला नाही. मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याला ठाऊक होतं, आत्या. त्याने आईकडे बघितलं, मान खाली घातली आणि पोहे खाल्ले. दुसरी बशीही घेतली.

बाबा निदान स्वतःच्या फुशारकीसाठी खोटं बोलतात. हा खरं दिसत असून आईच्या धाकाने गप्प बसला. मला दोन रात्री रडू आलं, आता येत नाही. अशा माणसाच्या घरी जन्म काढायला मी तयार नाही.

नकार तूच कळव. पण तो विमलाचा नकार आहे असं स्वच्छ लिही, नाहीतर बाबा तोही स्वतःच्या नावावर लावतील.

तुझी,
विमला