सिग्नलचा खेळ

प्रिय लेकी,

"बाबा चालवतायत ना? मग मी झोपते." तू सात-आठ वर्षांची असशील तेव्हा. मामाकडून परत येत होतो, धुक्यात पुढचं काही दिसत नव्हतं, मी सीटची कड घट्ट धरून बसले होते आणि तू एवढं बोलून माझ्या मांडीवर खुशाल आडवी झालीस. बाबांनी पुढे कितीतरी दिवस डेपोत सगळ्यांना ते ऐकवलं. जन्मभर बस चालवली, कुणाच्या गाडीला साधा ओरखडा काढला नाही, पण एवढी मोठी शाबासकी त्यांना कुठल्या साहेबाने दिली नसेल.

आधी हे वाच: मुलं सुखरूप आहेत. अंगणात भांडतायत, आवाज येतोय. पण शनिवारी जे झालं ते तुला कळलंच पाहिजे, कारण ट्रेनिंगला जाताना दोघांना शाळेत नेण्या-आणण्याचं काम तू बाबांवर सोपवून गेलीस. फोनवर सांगणं जमलं नसतं, फोन त्यांच्याच खिशात असतो. म्हणून लिहितेय. तेही समोरच बसलेत.

शनिवारी मुलांना त्या नव्या म्युझियममध्ये नेलं. तिथे प्रत्येक वस्तूला हात लावायचाच असतो. दोरी ओढून स्वतःलाच वर न्यायची खुर्ची आहे, आत शिरून बघायचं भलंमोठं हृदय आहे. बिटकू तर पाण्याच्या कालव्याला जो चिकटला तो हलेना. तिथे सगळ्या मुलांना निळे रबरी कोट घालतात. मी थोरलीचे मोजे पिळत होते, तेवढ्यात एक बाई ओरडली, "अहो, माझ्या मुलीला कुठे नेताय?" बघते तर बाबा एका परक्या पोरीचा हात धरून निघालेले. रखवालदार धावत आला. बाबा हसले, म्हणाले, "सगळ्यांना एकाच ताग्यातून कापलंय तुम्ही, म्हाताऱ्याने ओळखायचं कसं?" लोकही हसले, ती बाईसुद्धा. मी हसले नाही. त्या मुलीला लाल रिबिनींच्या दोन वेण्या होत्या, आणि बिटकूचे केस आदल्याच दिवशी बारीक करून आणले होते.

मग अंधाराचा बोगदा. आत मिट्ट काळोख, चाचपडत दुसऱ्या टोकाला निघायचं. आत कुणीतरी रडायला लागलं, मग त्याचं बघून सगळीच. मला पुढे सरकता येईना की मागे. तेवढ्यात बाबांचा आवाज आला, अगदी बसमधला, "डोळे मिटून घ्या रे. उघडे ठेवले की जास्त भीती वाटते. उजवा हात भिंतीला, आणि चला." आपली दोन आणि कुणाकुणाची चार-पाच, सगळ्यांना त्यांनी अलगद बाहेर काढलं. बिटकू जो भेटेल त्याला सांगत सुटला, "माझ्या आजोबांना अंधारात दिसतं!" पण बाहेरच्या उजेडात आल्यावर बाबा भिंतीवरचा हात काढायला तयार नव्हते. थोरली गेली आणि त्यांच्या दुसऱ्या हाताखाली आपला खांदा सरकवून उभी राहिली. सवयीने. मी ते बघितलं. गेले काही महिने ते वर्तमानपत्राच्या छपाईला नावं ठेवत होते आणि मीही त्यांच्या हो ला हो म्हणत होते.

मी म्हटलं, टॅक्सीने जाऊ. "बसवाल्याला टॅक्सीत बसवतेस? शोभतं का?" म्हणत ते आपल्या गाडीत बसलेसुद्धा. मला तर गाडी चालवता येत नाही. मुलांसमोर तमाशा नको म्हणून मीही बसले, हे तू मला माफ करू नकोस. निघाल्यावर मला एक सुचलं. मी मागे वळून म्हटलं, "चला, पुढचा सिग्नल लाल की हिरवा, कोण आधी सांगतं बघू." बिटकू चिडलाच. "आजी, हा आमचा खेळ आहे! सिग्नल मी सांगायचे आणि माणसं ताईने. बरोबर सांगितलं की आजोबा गोळी देतात. रोजच खेळतो आम्ही."

रोज. ऐकलंस ना?

मी बाबांकडे बघितलं. ते सरळ समोर बघत होते. मागे पोरांचं जुंपलं, पिवळा दिसला तर गोळी मिळते की नाही यावरून. थोरली म्हणाली, "जा, मी नाही खेळत." बिटकूनेही तोंड फिरवलं. गाडीत कुणी काही बोलेना, आणि गाडी तशीच पुढे जात राहिली. समोर लाल होता. एक बाई बाळाची ढकलगाडी घेऊन अर्ध्या रस्त्यात आली होती. "थांबा!" मी किंचाळले. ब्रेक लागला. ती बाई मागे वळून आमच्याकडे बघत राहिली. मधे हातभर जागा उरली असेल नसेल. बाबांनी हळूच विचारलं, "कुणाची पाळी होती?"

थोरली रडायला लागली. म्हणाली, "माझी."

लेकी, त्या बाईला काही झालं नाही, पण मला रात्रंदिवस ते "माझी" ऐकू येतं. एवढ्याशा पोरीने ते ओझं आपल्या डोक्यावर घेतलंय.

गाडीची चावी मी पिठाच्या डब्यात दडवलीय. बाबा शोधत नाहीत. त्या दिवशी घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "तिला सांगू नकोस." आत्ता मी त्यांच्यासमोर बसून हे लिहितेय, कागद त्यांच्या हातापासून वीतभर लांब आहे. काय लिहितेस, विचारलं त्यांनी. म्हटलं, वाण्याकडचं सामान. म्हणाले, "साखर लिही."

आता शाळेला आम्ही चौघं चालत जातो. वेळ लागतो, बिटकू वाटेत दहादा बसकण मारतो. बाबा थोरलीच्या खांद्यावर हात ठेवून चालतात. मी रोज तिला सांगते की रस्ता बघणं तिचं काम नाही, आता ते आजी बघते. परवा तिने विचारलं, "नक्की ना?"

तू येशील, चावी घेशील, त्यांना डॉक्टरकडे नेशील, मला नको नको ते बोलशील. ट्रेनिंग संपलं की सगळं कर. पण तू मुलांनाही घेऊन जाशील हे मला माहीत आहे, तुझ्या जागी मी असते तर याच आठवड्यात घेऊन गेले असते. तरीही मागते. ट्रेनिंग संपेपर्यंत मुलांना इथेच राहू दे. गाडी पुन्हा रस्त्यावर येणार नाही, याची जबाबदारी माझी. आणि त्यांनी लपवलेलं तुला कळलंय, हे निदान तोपर्यंत त्यांना कळू देऊ नकोस.

तुझीच,
आई